संकेतस्थळाचा बिनकपड्यांचा दिवस

सकाळी दहा वाजता सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचे कपडे उतरले. त्यानंतर पाचच मिनिटांनी थोरले विश्वस्त वारले. दोन्ही घटना एकाच माणसाच्या हातून, एकाच बोटाने आणि पूर्ण शुद्धीवर असताना घडल्या. पहिली त्याने मुद्दाम केली होती. दुसरी त्याला निवृत्त पोस्टमास्तरांकडून कळली.

हा माणूस म्हणजे वाचनालयाचा सहायक. पुस्तकं देणं-घेणं आणि संकेतस्थळ सांभाळणं अशी दोन कामं त्याच्याकडे होती, आणि दुसऱ्या कामापायी लोकांनी त्याचं नाव मानकराव पाडलं होतं. संकेतस्थळं कशी बांधावीत याची जगाने काही मानकं ठरवली आहेत. ती बहुतेक लोक पाळत नाहीत, आणि न पाळल्याने कोणाचं काही अडतही नाही. मानकरावांचं मात्र अडत असे. त्यांच्या मते पानावर मोठं शीर्षक, मग त्याखालचं शीर्षक, मग परिच्छेद हा क्रम सूर्य उगवण्याइतका पक्का होता. एकदा बायकोने वाण्याच्या सामानाची चिठ्ठी लिहिली, तेव्हा 'साबण' हा शब्द 'डाळी' या मथळ्याखाली आला म्हणून त्यांनी ती परत लिहायला लावली. बायकोने परत लिहिली. फक्त त्या महिन्यात साबण आला नाही.

या क्षेत्रातल्या ताज्या घडामोडींचं एक पत्रक मानकरावांना रोज सकाळी येत असे आणि लोक बाजारभाव वाचतात तसे ते वाचत असत. "अहो ऐकलं का," ते चहा पिता पिता उत्तेजित होऊन सांगत, "रकाने आखायचं ते ग्रिड आता सगळीकडे चालतं!"

"आपला गिझर चालत नाही," बायको म्हणे.

त्याच पत्रकातून त्यांना एक प्रथा कळली होती. मानकं मानणारे जगभरातले लोक वर्षातला एक ठरलेला दिवस आपापल्या साइटीची सगळी सजावट काढून ठेवतात. रंग, रकाने, अक्षरांचे आकार, चौकटी या साऱ्याचे नियम स्टाइलशीट नावाच्या एका वेगळ्या फाइलीत असतात. पानातली तिला जोडणारी एक ओळ काढली की साइट उघडी पडते आणि उरतो तो निव्वळ मजकूर. हाडं सरळ असतील तर साइट कपड्यांशिवायही उभी राहते. वाकडी असतील तर जगाला दिसतात. थोडक्यात, ती सज्जनांची परीक्षा होती आणि मानकराव गेली काही वर्षं तिला बसायला आतुर होते.

नेमक्या त्याच दिवशी दुपारी चार वाजता व्यवस्थापन समितीची बैठक होती. तिच्यात मानकरावांना कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. ते आजवर तात्पुरत्या आदेशावर होते, आणि चालू आदेशाची मुदत त्याच संध्याकाळी वाचनालय बंद होताना संपत होती. अध्यक्षांचा एक भाचा संकेतस्थळं बनवणारी कंपनी चालवत होता. त्या साइटींवर चित्रं डावीकडून उजवीकडे सरकत आणि कोणी न विचारता संगीत वाजे. अध्यक्षांना ते फार आवडे. समितीतले बाकीचे वारा पाहून पाठ देणारे. मानकरावांच्या बाजूने ठाम मत एकच होतं, ते थोरल्या विश्वस्तांचं. थोरले ऐंशीच्या पुढे गेले होते, कमी ऐकत, जास्त बोलत, आणि समितीत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"आज काही करू नका," बायकोने सकाळी बजावलं होतं. "आज नुसतं खुर्चीत बसा. लोक बसून कायम होतात."

पण मानकरावांची योजना तयार होती. चार वाजता भिंतीवर आधी बिनकपड्यांची साइट दाखवायची, मग सगळ्यांदेखत ती एक ओळ परत घालायची, म्हणजे समितीला पायाही दिसेल आणि इमारतही. या योजनेत चूक नव्हती असं ते आजही म्हणतात.

दहा वाजता त्यांनी ओळ काढली, पान उघडलं आणि खुर्चीत मागे सरकले. पडद्यावर एक भलंमोठं काळं भिंग होतं.

बाकी काही नव्हतंच. शोधाच्या खिडकीशेजारी हरभऱ्याच्या दाण्याएवढं असणारं ते भिंग आता पडदाभर पसरलं होतं. चित्राचा आकार चित्रातच लिहून ठेवायचा असतो. तो मानकरावांनी कपड्यांवर सोपवला होता, आणि कपडे गेल्यावर भिंगाला आवरणारं कोणी राहिलं नव्हतं. इतरांच्या साइटींवर हीच चूक शोधून त्यांनी अनोळखी लोकांना समज देणारी पत्रं पाठवली होती. 'आजची साधी मांडणी हेतुपुरस्सर आहे' अशी सूचना त्यांनी पानावर घातली होती खरी, पण भिंग ओलांडून तिथवर जायचं तर बोट दुखेपर्यंत पान सरकवावं लागत होतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मागे निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. ते मानकरावांचे शेजारी, आणि वाचनालय उघडण्याआधीपासून बाहेर उभे राहणारे वाचक. त्यांच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता.

"थोरले गेले," पोस्टमास्तर म्हणाले.

"कुठे?"

"आता कुठे म्हणून काय सांगायचं. मोठा माणूस. तुमच्यामुळे निदान लगेच कळलं. भिंगाच्या खाली लिहिलंत ते फार छान लिहिलंय."

मानकरावांनी पान सरकवलं. भिंग संपलं आणि त्याखाली, पहिल्या क्रमांकाच्या शीर्षकात, मानकांना धरून अगदी योग्य जागी शब्द होते: 'वाचनालयाचा आधारस्तंभ हरपला.' पुढे तीन परिच्छेद. सुरुवात 'आज पहाटे' अशी. पहाट हा लेखकाचा अंदाज होता; मोठी माणसं पहाटेच जातात अशी मानकरावांची समजूत होती.

कारण लेखक तेच होते. गेल्या हिवाळ्यात थोरल्यांना दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्या वेळचे चिटणीस म्हणाले होते, "मजकूर तयार ठेवा हो, ऐनवेळी धावपळ नको." मानकरावांनी रात्र जागवून मजकूर लिहिला. पुढे थोरले चालत घरी आले आणि डॉक्टरांनाच ताप आला. तेच चिटणीस म्हणाले, "काढा तो." इथे मानकरावांचं मन अडलं. इतका चांगला मजकूर पुसवेना. शिवाय तो कधी ना कधी लागणारच होता. म्हणून त्यांनी तो पुसला नाही, पडद्याच्या डाव्या कडेपलीकडे हजारो ठिपके दूर सरकवून ठेवला. मजकूर पानात असतो पण दिसत नाही, अशी ही जुनी युक्ती आहे. डोळ्यांना न दिसता तो तिथे वर्षभर सुखाने नांदत होता. त्याला तिथे अडवून धरणारा नियम मात्र कपड्यांतच होता. कपडे उतरले आणि थोरले परलोकवासी झाले.

"अहो, ते जिवंत आहेत!" मानकराव ओरडले.

पोस्टमास्तरांनी खांद्यावरचा हात जरा घट्ट केला. "असं होतं. पहिल्या दिवशी कोणालाच खरं वाटत नाही."

मानकराव पडद्याकडे वळले. ओळ परत घालायला किती वेळ लागतो? पापणी लवायला लागतो तेवढाच. पण मधल्या काळात सर्व्हरने त्यांना रिकामं बसलेलं पाहून बाहेर काढलं होतं. त्यांनी पासवर्ड टाकला. पासवर्ड त्यांनी स्वतःच, सुरक्षिततेची सगळी मानकं पाळून, कोणालाही लक्षात राहणार नाही असा केला होता. पहिल्यांदा बोट घसरलं. दुसऱ्यांदा मोठं अक्षर लहान पडलं. तिसऱ्यांदा पासवर्ड बरोबर पडला असता, पण पोस्टमास्तर मागून म्हणाले, "एकदा बंद करून चालू करून बघा ना," आणि खातं गोठलं.

पडद्यावर सौजन्यपूर्ण वाक्य आलं: नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. नोंदलेला मोबाइल माजी चिटणीसांचा होता. ते पद सोडून गेले होते, पण त्यांचा नंबर बदलण्यासाठी त्यांच्याच नंबरवर ओटीपी येई, म्हणून तो विषय समितीने पुढच्या बैठकीवर ढकलला होता. तो गेल्या नऊ बैठका पुढच्या बैठकीवर होता.

माजी चिटणीसांचा फोन बंद लागला. घरून उत्तर मिळालं की ते विद्यापीठात प्रश्नपत्रिका काढायला बसले आहेत. आत फोन नेऊ देत नाहीत, पाच वाजता सोडतात.

"निरोप देता येईल का आत?"

"देता आला असता," त्यांची पत्नी म्हणाली, "तर प्रश्नही बाहेर आले नसते का?"

मानकरावांनी सर्व्हरवाल्या कंपनीला फोन केला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली. साइट बंद करता येईल का? येईल. आत्ता? आत्ता, फक्त संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा अर्ज पाठवा.

"ताई, साइटवर एका जिवंत माणसाला मारलंय हो."

"कोणी हॅक केली आहे का सर?"

"नाही. मीच मारलंय."

"त्यासाठीसुद्धा अर्जच लागेल, सर."

पदाधिकारी म्हणजे चिटणीस. त्यांचा फोन व्यस्त होता, कारण ते सगळ्यांना बातमी देत होते. अर्ध्या तासाने लागला.

"चिटणीससाहेब, तो मजकूर जुना आहे!"

"जुना कसा? 'आज पहाटे' लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय हो."

"मग तुम्हाला तर नक्की माहीत असणार," चिटणीस म्हणाले. "मी आत्ता त्यांच्या दारात उभा आहे. कुलूप आहे. सगळे पुढे गेलेले दिसतात. हार घेऊन आलो होतो, आता कडीला अडकवून येतो. तुम्ही बैठकीची तयारी करा. पहिला ठराव शोकाचा, मग परंपरेप्रमाणे सभा तहकूब."

"तहकूब? आणि माझा विषय?"

"अहो, माणूस गेलाय आणि तुम्हाला विषय सुचतोय?" त्यांनी फोन ठेवला.

आता मानकरावांना परिस्थिती पूर्ण दिसली. सभा तहकूब झाली तर विषय निघणार नाही. विषय निघाला नाही तर संध्याकाळी आदेश संपणार. उद्या सकाळपासून ते वाचनालयाचे कोणीच नव्हते आणि भाचा मोकळा होता. चार वाजेपर्यंत थोरल्यांना जिवंत करणं हा एकच मार्ग उरला होता. आपलं एकमेव मत आपल्याच हाताने मारणारा उमेदवार कोणत्याही निवडणुकीत झाला नसेल.

थोरले मोबाइल वापरत नसत. त्यांच्या सुनेचा नंबर मानकरावांकडे होता; ती एका कार्यालयात नोकरीला होती आणि तिच्या नावावर वाचनालयाची पुस्तकं जात.

"वहिनी, थोरले… आहेत ना?"

"नाहीत," सून म्हणाली.

मानकरावांनी टेबल धरलं. आपल्या लिहिण्यात एवढी ताकद असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"डोळे तपासायला गेलेत," सून पुढे म्हणाली. "डोळ्यात थेंब घालतात ना, संध्याकाळपर्यंत काही दिसत नाही त्यांना. तिथून रिक्षाने थेट तुमच्या मीटिंगला येणार आहेत. का हो, काही काम होतं?"

हे सगळं सांगून टाकायची ही वेळ होती. 'वहिनी, तुमच्या सासऱ्यांना मी सकाळी दहाला मारलं, घरी जाल तेव्हा दाराला हार असेल,' हे वाक्य मानकरावांनी मनात जुळवलं. ते जुळेना.

"सहज," ते म्हणाले. "प्रकृती विचारायला."

फोन ठेवतात तोच तो वाजला. बायको होती. "अहो, थोरले गेले म्हणे! आणि तुमची साइट कोणीतरी फोडलीय, नुसतं भिंग दिसतंय."

"फोडलेली नाही. मी मुद्दाम केलंय ते."

"दोन्ही?" बायकोने विचारलं.

दुपारी आणखी एक फोन आला, तो संगीत शिक्षकांचा. ते जन्मांध होते आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा बोलका संगणक वापरत. त्यांच्यासारख्यांना साइट नीट ऐकू यावी म्हणूनच तर ही सगळी मानकं, असं मानकराव भाषणात सांगत आणि उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेत.

"आज सगळ्यांना एकदम कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं. "मला तर गेल्या वर्षापासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"थोरले गेल्याचं. तुमची साइट उघडली की रोज पहिल्यांदा तेच ऐकू येतं. 'आज पहाटे.' मी म्हटलं, काय या संस्थेचं प्रेम, रोज आठवण काढतात."

डाव्या कडेपलीकडचा मजकूर डोळ्यांना दिसत नाही, पण बोलक्या संगणकाला कड नसते. तो सगळं वाचतो. ही गोष्ट मानकरावांनी स्वतः पत्रकाला लेख लिहून जगाला कळवली होती.

"अहो पण मास्तर, गेल्या महिन्यात वाचनालयात ते तुमच्याशी बोलले ना!"

"ते होय? मला वाटलं त्यांचा मुलगा. म्हटलंही मी त्यांना, अगदी वडिलांसारखा आवाज आहे तुमचा, फार चांगले होते ते. त्यावर ते म्हणाले, हो, शिस्तीचे होते पण चांगले होते."

मानकराव ग्रंथपालबाईंकडे गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ग्रंथपालबाई कमी बोलत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुसला का नाहीत?"

"लपवला होता, बाई."

"साप कपाटात लपवतात का कोणी?" त्या म्हणाल्या. "मी अध्यक्षांना फोन करते." त्यांनी केला. अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही भावनाविवश झाला आहात, थोडं पाणी प्या. मग बाईंनी दाराशी जाऊन पाहिलं. शिपायाने मोबाइलवरून पाहून तीनही परिच्छेद दारातल्या फळ्यावर वळणदार अक्षरात उतरवून काढले होते आणि कडेने खडूची दुहेरी चौकट आखली होती. बाईंनी पुसायला डस्टर उचललं, तर वाचत उभे असलेले पोस्टमास्तर दुखावून म्हणाले, "बाई, निदान आजच्या दिवस तरी!" बाईंनी डस्टर खाली ठेवलं. मृत्यूपुढे कोणाचं चालत नाही, तो झालेला नसला तरी.

चार वाजता सभागृह भरलं होतं. एरवी गणपूर्तीसाठी शिपायाला रस्त्यावर पाठवावं लागे. आज खुर्च्या कमी पडल्या. समोरच्या भिंतीवर मानकरावांनी आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे साइट दाखवली जात होती, म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत भिंग होतं. अध्यक्षांनी ते पाहिलं, समोर बसलेल्या भाच्याने ते पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अध्यक्षमहाराज," मानकराव मागून म्हणाले, "एक खुलासा करायचा आहे."

"शोकप्रस्तावावर खुलासा नसतो," अध्यक्ष म्हणाले. "पाठिंबा असतो."

"पण ते आत्ता येतीलच!"

सभागृहात हळहळ पसरली. "याच्यावर फार जीव होता त्यांचा," कोणीतरी कुजबुजलं. ग्रंथपालबाई उभ्या राहून म्हणाल्या की सहायक सांगतात ते खरं आहे. अध्यक्ष म्हणाले, बाई, आपण सगळेच त्या अवस्थेत आहोत. ठराव मांडला गेला आणि एकमताने संमत झाला. सगळे उठून माना खाली घालून स्तब्ध उभे राहिले.

दार करकरलं. काठी टेकत थोरले आत आले. डोळ्यांतले थेंब अजून उतरले नव्हते. वाटेतला फळा त्यांना दिसला नव्हता आणि भिंतीवरचं भिंग त्यांना बहुधा सावलीसारखं वाटलं असावं. पण एवढी माणसं उभी आहेत आणि कोणी बोलत नाही, हे कळायला डोळे लागत नाहीत. आयुष्यभर सभा केलेला माणूस. काठी बगलेत धरून, मान खाली घालून तेही दाराशी स्तब्ध उभे राहिले.

वेळ संपली. लोकांनी डोळे उघडले. मागच्या रांगेतून एक लहानशी किंकाळी आली.

"बसा, बसा," थोरले म्हणाले. "उशीर झाला मला. कोण गेलं?"

चिटणीसांनी ठरावाच्या कागदात पाहिलं. "आपण, साहेब."

"आपण? सगळेच?"

मग जे झालं त्याला चर्चा म्हणता येईल. अध्यक्षांना आनंद झाला होता. ते तसं म्हणालेही. पण आनंद एक आणि कामकाज एक. संमत झालेला ठराव त्याच सभेत, आगाऊ सूचनेशिवाय मागे घेता येत नाही, आणि शोकठरावानंतर सभा तहकूब होते, ही वाचनालयाच्या स्थापनेपासूनची रीत.

"पण मी समोर बसलोय!" थोरल्यांनी काठी आपटली.

"आपलं स्वागतच आहे," अध्यक्ष म्हणाले. "फक्त आपली उपस्थिती नोंदवता येणार नाही. ठरावाशी विसंगत होईल."

"ही रीत कोणी पाडली?"

"आपणच, साहेब. अध्यक्ष होतात तेव्हा."

थोरल्यांनी काठी खाली ठेवली. स्वतः पाडलेली रीत मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी विचारलं, "मजकूर कोणी लिहिला?"

मानकराव पुढे झाले. "मी, साहेब."

"वाचून दाखव. मला दिसत नाही. जरा मोठ्याने."

मानकरावांनी वाचला. माणसाने आपलं मरण एवढं लक्ष देऊन ऐकलेलं सभागृहाने पाहिलं नव्हतं. थोरले डोळे मिटून बसले होते, मधूनच बोट वर करत होते, आणि ते बोट वर झालं की मानकरावांचा आवाज बारीक होत होता.

"'आधारस्तंभ' नको," ऐकून झाल्यावर थोरले म्हणाले. "खांब जागचा हलत नाही. मी एका जागी कधी बसलो?" त्यांनी दुसरं बोट वर केलं. "आणि 'शांतपणे जगाचा निरोप घेतला'? मी? शांतपणे? याच्यावर कोणाचा विश्वास बसेल?"

"सगळ्यांचा बसला, साहेब," पोस्टमास्तर मागून म्हणाले.

"भाषा बरी आहे याची," थोरले सभेकडे वळून म्हणाले. "पण लिहिलेलं तपासून घेत नाही."

यातलं पहिलं वाक्य मोजायचं की दुसरं, हे मानकरावांना कळेना. ग्रंथपालबाईंनी ती संधी साधली. सभा तहकूब होत असली तरी तातडीचा विषय उपसमितीकडे सोपवता येतो, त्या म्हणाल्या. सहायकांच्या आदेशाची मुदत आज संपते. अध्यक्षांनाही सुटका हवी होती. भरल्या सभागृहात, नुकत्याच परत आलेल्या माणसासमोर, भाच्याचं नाव काढणं त्यांना बरं दिसेना. विषय एकसदस्यीय उपसमितीकडे सोपवण्यात आला. सदस्य: थोरले विश्वस्त. अहवाल लवकरात लवकर. चिटणीस इतिवृत्त लिहीत होते. त्यांची लेखणी शोकठरावाच्या खाली सदस्याचं नाव लिहायला आली, थांबली, आणि सगळे निघून गेले तरी ती तिथेच होती.

"मजकूर छापून दे मला," थोरले जाताना मानकरावांना म्हणाले. "डोळ्यांना दिसायला लागलं की बघतो. चूक ती चूक. अशी जायला नको लोकांपुढे."

पाच वाजून गेल्यावर माजी चिटणीसांचा फोन आला. त्यांना दिवसभरात पुष्कळ ओटीपी आले होते. कुठला वाचू, त्यांनी विचारलं. शेवटचा चालला. मानकरावांनी भिंगाला त्याचा आकार भिंगातच लिहून दिला, ती एक ओळ परत घातली, आणि शीर्षकासकट तीन परिच्छेद आधी निवडले, मग खरोखर पुसले. त्यानंतर पान मागून, पुढून, कपड्यांसह आणि कपड्यांविना तपासून पाहिलं. संगीत शिक्षकांना फोन करून ऐकायला लावलं.

"आता काही नाही," मास्तर म्हणाले. "सुनं सुनं वाटतंय."

संध्याकाळी वाचनालय बंद झालं आणि आदेश संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकराव वेळेवर आले. सही करायला हजेरीपुस्तक उघडलं तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांच्या ओळीवर तळहात ठेवला. त्या रागावलेल्या नव्हत्या. 'हो' म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता आणि 'नाही' म्हणायची इच्छा नव्हती, म्हणून त्या हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने टपाल फोडत राहिल्या. मानकराव वाचनकक्षात जाऊन पोस्टमास्तरांच्या शेजारी बसले. वाचक व्हायला आदेश लागत नाही.

"थोरल्यांकडे जाऊन या की," पोस्टमास्तर म्हणाले. "विचारा सरळ, काय ठरवलंत."

"दबाव आणल्यासारखं दिसेल."

"मग नका जाऊ."

"पण न गेलो तर मला पर्वा नाही असं दिसेल."

"मग जा," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

अकराच्या सुमाराला शिपाई थोरल्यांच्या घरून परत आला. दाराचा हार त्यांनी काढू दिला नाही, त्याने सांगितलं. फुलं ताजी आहेत म्हणाले. डोळे आता स्वच्छ दिसताहेत. सकाळपासून लाल पेन घेऊन बसलेत. पहिल्या परिच्छेदात काही ठेवलेलं नाही, सध्या दुसऱ्या परिच्छेदावर आहेत.

"आणि माझ्या विषयाचं?"

"ते काही बोलले नाहीत. पण तुम्हाला एक विचारलंय. तुम्ही त्यांचं वाचन 'अफाट' लिहिलंत. अफाट मैदान असतं, म्हणाले. वाचनासाठी दुसरा शब्द सांगा. नीट विचार करून, शब्दकोशात बघून सांगा. मला परत पाठवलंय, उत्तर घेऊन ये म्हणून."

शब्दकोशाचं कपाट कार्यालयाच्या कोपऱ्यात आहे. मानकराव उठून त्याच्यापाशी गेले. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ग्रंथपालबाईंच्या टेबलावर होती. ती फक्त कर्मचाऱ्यांना मिळते.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा ग्रंथपालबाई किल्लीकडे बघत होत्या, शिपाई दाराशी उभा होता, आणि मानकराव काचेतून शब्दकोशाची पाठ वाचत होते.